तेल बोललं का?

आमच्या लॅबमध्ये कामाचं तोंडी बोलायला बंदी होती. गप्पा मारा, गाणी गुणगुणा, एकमेकींच्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवा, हरकत नव्हती. पण "सर, त्या नमुन्यात..." एवढं तोंडातून निघालं की सर हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "लिहून दे."

चिठ्ठ्यांचे कागद ते स्वतः तयार करायचे. कॉम्प्युटरचे जुने लांबलचक प्रिंटआउट असत, दोन्ही कडांना भोकं असलेले. त्यांच्या कोऱ्या पाठीचे ते स्टीलच्या पट्टीने सारखे तुकडे फाडायचे आणि सकाळी प्रत्येकीच्या ओट्यावर एक गठ्ठा ठेवायचे. त्यांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात उलटा ठोकलेला एक लांब खिळा होता. वाचून झालेली चिठ्ठी त्या खिळ्याला टोचली की तो विषय संपला. आमचा शिपाई त्यांना पाठीमागे चिठ्ठीसाहेब म्हणायचा.

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर तेल आणि वायूच्या क्षेत्रात नोकरी लागली असं मी शेजारीपाजारी सांगितलं, तेव्हा सगळ्यांना, आणि खरं तर मलाही, समुद्रातला प्लॅटफॉर्म, डोक्यावर हेल्मेट, वर हेलिकॉप्टर असं काहीतरी दिसलं होतं. प्रत्यक्षात नोकरी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि दिवसभर धप्प धप्प आवाज यायचा. वर आम्ही चार मुली, एक शिपाई आणि सर. समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपन्या, त्यांना सामान पोचवणाऱ्या बोटी, क्रेन, जनरेटर, ह्या सगळ्यांत वापरायचं तेल बाटल्यांतून आमच्याकडे यायचं. ते वापरण्याजोगं आहे की नाही हे आम्ही तपासून सांगायचो. अहवालाखाली सही सरांची. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नव्हता.

मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा महिन्यांनी सर मालकांना लिहून देणार होते, ठेवा किंवा काढा. वडील ज्या छापखान्यात होते तो बंद पडला होता, भाऊ दहावीत होता, आणि तुळिंजच्या आमच्या दोन खोल्यांत पगार आणणारी मी एकटी होते. कामाची आवड वगैरे मला नंतर लागली. आधी नोकरी हवी होती.

पहिल्या दिवशी आईने चापून तेल लावून वेणी घालून दिली. सरांनी मला बघितलं, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि वेणीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या नमुन्याचा क्रमांक काय?"

"कोणत्या, सर?"

"ह्या. पाव लिटर तरी असेल. खोबरेलाचा अहवाल आपल्याकडे कुणी मागितलेला नाही, बाय. जा, धुऊन ये."

काचेच्या बाटल्या धुवायच्या सिंकमध्ये, बाटल्यांच्याच साबणाने मी केस धुतले. बाकीच्या तिघी हसत नव्हत्या. त्यांचंही असंच झालं होतं. ओल्या केसांनी बाहेर आले तर सर म्हणाले, "आता पाणी सांडू नको. इथे सगळ्यात मोठा गुन्हा पाणी." संध्याकाळी आई म्हणाली, "कामाला गेली होतीस का नदीवर?"

पहिला महिनाभर मी बाटल्याच धुतल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला समोर उभं केलं आणि विचारलं, "तेलाच्या धंद्यात आपलं काम काय?"

मी पुस्तकातली उत्तरं दिली. घनता, चिकटपणा, कोणत्या तापमानाला पेट घेतं ते बघणं.

"पाणी शोधायचं," ते म्हणाले. "जमिनीतनं तेल येतं ते पाणी घेऊन येतं. टाकीत ठेवा, तळाला पाणी. ड्रम उघड्यावर उभा ठेवा, झाकणावर पाऊस साचतो. दिवसा ड्रम तापतो, रात्री थंड होतो आणि थंड होताना तेच पाणी आत ओढून घेतो. झाकण बंद असलं तरी. तेलाला पाणी नको असतं, पण पाण्याला तेल हवंच असतं. शोधत राहायचं."

ते मूळचे पाचूबंदरचे. ख्रिस्ती कोळ्यांचं घर, वडिलांची होडी, भाऊ सगळे मासेमारीत. घरातले पहिले पदवीधर. शिकल्यावर ते समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर केमिस्ट म्हणून लागले. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, अशी अकरा वर्षं काढली आणि मग एकाएकी सोडून आमच्या लॅबमध्ये आले. का सोडलं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "समुद्र पुरे झाला." लॅबमध्ये ते आमच्यासारखंच बोलायचे. चिडले की मात्र गावची बोली वर यायची आणि 'पाणी'चं 'पानी' व्हायचं. शिपाई सांगायचा, "पानी आलं, आता बाजूला व्हा."

त्यांच्या तऱ्हांची यादी आम्ही मुली जेवताना करायचो. फोन वाजला तर ते हलायचे नाहीत. "फोनवर नमुना दिसत नाही," म्हणायचे. बसायचे नेहमी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं दिसतील असे. आम्हाला वाटायचं, पाळत ठेवतात. दोघी एकदम बोलल्या तर चिडायचे. तोंडात सुपारी ठेवून कुणी बोललं तर त्याला बाहेर काढायचे. पंप चालू आहे का बघायला त्यावर तळहात ठेवायचे. शिपायाला भरघोस मिशा होत्या. सर दर आठवड्याला त्याला म्हणायचे, "त्या काप. मिशीत तेल साठतं."

"सर, माझ्या मिशीनं काय वाकडं केलं तुमचं?" तो म्हणायचा.

"लिहून दे," सर म्हणायचे.

एक वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "दिसलं ते लिही. वाटलं ते घरी ने." मी सुरुवातीला चिठ्ठीवर 'पाणी असावं' असं लिहिलं, तर त्यांनी 'असावं'खाली रेघ मारून चिठ्ठी परत केली आणि वर म्हणाले, "हे तुझ्या डब्यात घाल."

पाणी शोधायची सगळ्यात साधी परीक्षा अशी. धातूची प्लेट चांगली तापवायची आणि तेलाचा एक थेंब तिच्यावर सोडायचा. तेलात पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर गुपचूप पसरतं. आम्ही तिला फोडणी म्हणायचो. तडतडलं तर पुढचं मोठं काम लागायचं, तेल उकळून त्यातलं पाणी वेगळं काढून मोजायचं. त्यात अर्धा दिवस जायचा. तडतडलं नाही तर तिथेच 'पाणी नाही' असं लिहून मोकळं.

तिसऱ्या महिन्यापासून फोडणीला सर मलाच बोलवायला लागले. पंखा बंद. मला म्हणायचे, "डोळे मीट. डोळे मध्ये बोलतात." स्वतः ओट्याच्या पलीकडे समोर उभे राहायचे, दोन बोटं ओट्याच्या कडेला टेकवून. थेंब सोडायचे आणि विचारायचे, "तेल बोललं का?"

मी सांगायचे. ते म्हणायचे, "लिही."

मैत्रिणी चिडवायच्या. "तुझे कान आवडतात सरांना. नाकाला कोण पसंत करतंय बघ आता." मला वाटायचं, ही माझी परीक्षा चालली आहे. उत्तर त्यांना ठाऊक आहे, मला येतं का ते बघतात. सहा महिने संपायला आले होते आणि मी प्रत्येक थेंबाला मनात मार्क मोजत होते.

तो शुक्रवार होता. जेट्टीवर क्रेनच्या तेलाचे नवे ड्रम आले होते, ते रविवारी सकाळच्या बोटीने प्लॅटफॉर्मवर जायचे होते. अहवाल संध्याकाळच्या आत हवा म्हणून कंपनीचा माणूस बाहेर येऊन बसला होता. पंखा बंद केला. मी डोळे मिटले. खाली बादल्यांचं धप्प धप्प चालू होतं. सरांनी थेंब सोडला.

मला ऐकू आलं. अगदी बारीक. एकदा, आणि लगेच आणखी एकदा. मोहरीचे दोनच दाणे पडावेत तेवढं.

मग मला शंका आली. धप्पच्या मागून आलं का? खरंच आलं का? आणि मी नियम मोडून डोळे उघडले. समोर सर मान हलवत होते. नाही, नाही, अशी.

मी लिहिलं, 'बोललं नाही.'

माझ्या पाठीमागे दारात शिपाई उभा होता आणि अहवाल झाला का असं खुणेने विचारत होता, ती मान त्याच्यासाठी होती, हे मला चिठ्ठी देऊन मागे वळले तेव्हा दिसलं. तेव्हाही मला चिठ्ठी परत घेता आली असती. पण बाहेर माणूस थांबलेला, माझे सहा महिने आठ दिवसांवर आलेले, आणि तडतडलं म्हटलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम. 'ऐकू आलं पण लिहिलं नाही' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सरांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"नक्की?"

"हो, सर."

"लिहिलंस ना?"

"लिहिलं."

त्यांनी चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि अहवालावर सही केली.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असे. मी घरी आले, जेवले, कपडे धुवायला बसले. पाचच्या सुमारास आई म्हणाली, दारात कुणीतरी आलंय. चार मजले चढून सर आले होते. अर्जावरून पत्ता घेतला असावा. घाम पुसत त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. 'पाणी सापडलं. चालतं त्याहून जास्त. चल, फोन करायचा आहे.'

मी गेल्यावर त्यांनी बाजूला ठेवलेल्या बाटलीतलं तेल उकळायला लावलं होतं आणि दुपारभर एकटेच समोर बसून पाणी मोजलं होतं.

आईने आतून विचारलं, "साहेब, चहा टाकू ना?" सर उत्तर न देता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "साहेब, चहा?" काही नाही. मी चप्पल घालत होते तेव्हा आई माझ्या कानाशी म्हणाली, "भारीच शिष्ट आहेत गं तुझे सर."

जिना उतरताना ते पुढे होते. मी मागून विचारलं, "सर, लॅबमध्ये फोन होता, तुम्हीच का नाही केला?" ते उतरत राहिले. मी मोठ्याने विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं, सरांनी नाही. तेव्हा जिन्यातच मला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसली. फोन, कोपरा, सुपारी, पंपावरचा तळहात. बिचाऱ्या शिपायाच्या मिशा.

कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथपाशी त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली. 'मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं. तू बोल, मी चिठ्ठ्या देतो.'

त्यांनी नऊ चिठ्ठ्या लिहून, क्रमांक घालून आणल्या होत्या. पलीकडचा माणूस काय म्हणेल त्याचा अंदाज बांधून. मी जेट्टीवरच्या स्टोअरकीपरला फोन लावला. एक नंबरच्या चिठ्ठीवरून माझं आणि लॅबचं नाव सांगितलं. दोन नंबर, त्या ड्रममध्ये पाणी आहे, बोटीवर चढवू नका. तीन नंबर, कालचा अहवाल चुकीचा होता, नवा सोमवारी देतो.

"अहो बाई," स्टोअरकीपर ओरडला, "काल म्हणता नाही, आज म्हणता आहे! पाणी तेलात आहे की तुमच्या डोक्यात?"

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाला?"

मी रिसीव्हर खांद्याला अडकवला आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'चिडलाय.'

"ते दिसलं. म्हणाला काय? नीट लिही."

मी लिहिलं, 'पाणी आपल्या डोक्यात आहे का विचारतोय.'

त्यांनी ते गंभीरपणे वाचलं, गठ्ठ्यातून पाच नंबर शोधला आणि पुढे केला. 'तुमचा राग बरोबर आहे. ड्रम खाली ठेवा.'

स्टोअरकीपरने बोटीचं भाडं, साहेबांचा ताप, सगळं ऐकवलं. सरांनी सात नंबर दिला. मी वाचला, "ह्या क्रेनने टोपलीतून माणसं वर घेतात."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग तो म्हणाला, "थांबा. पेन घेतो. ड्रमचे नंबर सांगा."

आठ नंबरच्या चिठ्ठीवर ड्रमचे नंबर होते. नववीवर फक्त 'आभार'.

बाहेर आल्यावर ते एकदम सैल झाले. बोटीवरून प्लॅटफॉर्मवर जायला दोरखंडाची मोठी टोपली असते, तिच्या कडेला धरून उभं राहायचं आणि क्रेनने वर उचलायचं, हे त्यांनी मला तिथे रस्त्यावर हातवारे करून दाखवलं. "खाली पानी, वर पोलाद, मधे आपण. तेलात पानी असलं की क्रेनच्या हाताचा भरवसा नाही. बापाने आयुष्यभर टोपलीतनं मासळी उचलली, मला अकरा वर्षं क्रेनने उचललं." आणि हसले.

मी म्हणाले, "सर, काल मला..." ते खाली बघून चिठ्ठ्या घडी करत होते. त्यांना माझं तोंड दिसलं नाही. लिहून द्यायला हवं होतं. पेन माझ्या हातातच होतं.

सोमवारी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. म्हणाले, "पोरगी नवीन आहे. तिच्या ऐकण्यात चूक झाली, तिला कमी केली, असं कळवू. कंपनीचं समाधान होईल, विषय मिटेल. तुमचं नाव नको मध्ये."

सरांनी त्यांचं तोंड नीट बघून घेतलं आणि चिठ्ठी पुढे केली. मालकांनी ती मोठ्याने वाचली. "ऐकून करायची परीक्षा घेणाऱ्याला ऐकू येत नाही. सही माझी आहे. चूक माझी." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हे कंपनीला कळवायचं?"

"कळवायचं."

"तुमची सही बंद होईल."

"झाली पाहिजे. यंत्रांची तपासणी दर वर्षी करतो आपण. माझी कोनी केली?"

मी तिथेच उभी होते. 'मला ऐकू आलं होतं' हे चार शब्द. मी ते बोलले असते तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मांडून बघितलं आहे. माझी नोकरी गेली असती. त्यांची सही कदाचित राहिली असती, कदाचित नाही. कळायला आता मार्ग नाही. मी बोलले नाही, एवढंच दिसतं, म्हणून एवढंच लिहिते.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याबद्दलची चिठ्ठी मालकांना दिली. तिच्यावर एकच शब्द होता. 'ठेवा.'

महिनाअखेरीला त्यांनी टेबल रिकामं केलं. मी आदल्या दिवशी त्यांना लिहून दिलं होतं, 'सर, मी ऐकेन. तुम्ही सही करा. जाऊ नका.' त्यांनी वाचलं, खिळ्याला टोचलं नाही, खिशात ठेवलं. "उसन्या कानावर सही होत नाही, बाय," म्हणाले. जाताना खिळा घेऊन गेले. शिपायाने दुसऱ्या दिवशी मिशा काढल्या होत्या. कुणी त्याला काही विचारलं नाही.

नंतर माझं बरं चाललं. दोन नोकऱ्या बदलल्या, गुजरातच्या एका रिफायनरीत चार वर्षं काढली, लग्न केलं, मुलगा झाला, बोळिंजला घर घेतलं. परत वसईतच एका मोठ्या लॅबमध्ये लागले. पाचूबंदर माझ्यापासून तासाभराच्याही वाटेवर नाही. मी गेले नाही. कधी परीक्षा असायची, कधी मुलाला ताप, कधी ऑडिट. कारणं सगळी खरी होती.

मला अहवालावर सही करायचा अधिकार मिळाला, त्याच आठवड्याच्या रविवारी मी गेले. तेव्हा मधे नऊ वर्षं उलटली होती.

घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. सर ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. शेजारी खिडकीच्या कठड्यावर तोच ठोकळा, तोच खिळा. त्याच्यावर सुनेच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. 'चर्चला मिस्सासाठी साडेसहाला निघायचं.' 'गोळी घेतली का?' 'सुरमई की बांगडा?' सून म्हणाली, "आता अजिबात आयकू येत नाय त्यांना. तुम्ही लिवा. चिठ्ठी नसली तर ते उत्तर देत नाय, हट्टीपना!"

त्यांनी मला ओळखलं. केसांकडे बघून म्हणाले, "तेल नाही. बरं." नोकरीचं विचारलं. सहीचा अधिकार मिळाला असं मी लिहिलं, तर वाचून मान हलवली आणि माझ्याकडे थोडं जास्त बघितलं. प्लॅटफॉर्म का सोडला होता तेही त्या दिवशी सांगितलं. तिथे कॉम्प्रेसरच्या गोंगाटात काम. दर वर्षी डॉक्टर कानांची तपासणी करायचे. एका वर्षी निकाल काय येणार ते आधीच ठाऊक होतं, म्हणून तपासणीच्या आधी राजीनामा दिला. "पळालो," म्हणाले. "ते एकदाच. दुसऱ्यांदा नाही पळालो."

मी घरून लिहून आणलेली चिठ्ठी पर्समधून काढली. नऊ वर्षं मनात पाठ होती, तरी लिहून आणली. 'त्या शुक्रवारी तेल बोललं होतं. मला ऐकू आलं होतं. मी खोटं लिहिलं.'

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला.

"दोनदा," ते म्हणाले.

मी पर्समध्ये पेन शोधायला लागले.

"दोनदा बोललं ना? तुझ्या भुवया हलल्या. एकदा, मग परत एकदा. मी थेंबाकडे कधी बघतच नव्हतो, बाय. तुझ्या तोंडाकडे बघायचो. चांगलं तोंड होतं तुझं, सगळं दिसायचं. म्हणून तर बोलवायचो." मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणूनच शनिवारी उकळायला लावलं."

मी घाईने लिहिलं, 'मग सही का केली?'

"तू लिहिलं होतंस ना, नाही म्हणून. मला दिसलं होतं, आहे. मी काय सांगायचो तुम्हाला? दिसलं ते लिही. आणि मी दिसलं ते सोडून कागदावर सही केली. मालकाला सांगितलं ते खरंच होतं. चूक माझीच होती. तुझी निराळी, माझी निराळी."

त्यांनी माझी चिठ्ठी घेतली आणि खिळ्याला टोचली. 'सुरमई की बांगडा'च्या वर. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "हिला बोंबील दे बांधून. चांगले."

त्यानंतर मी वर्षातून दोनतीनदा जात असे. फारसं काही बोलणं नसायचं. मी लॅबमधल्या भानगडी लिहून न्यायचे, ते वाचून त्यात चुका काढायचे. एखादी गोष्ट मी लिहिली नसली तरी ते म्हणायचे, "घरी काहीतरी बिघडलंय," आणि बिघडलेलं असायचं. परत येताना रिक्षात मला हलकं वाटायचं, आणि बोंबलांचा वास आठवडाभर पर्समध्ये असायचा.

मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात ते गेले. सुनेने मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला होता. मी मीटिंगमध्ये होते, तो दुपारी ऐकला. तोवर दफन होऊन गेलं होतं. सर असते तर म्हणाले असते, लिहून द्यायला काय झालं होतं?

आता माझ्या हाताखाली अकरा मुलंमुली आहेत. पाणी शोधायला यंत्र आहे. त्याला थेंबभर तेल दिलं की ते पडद्यावर आकडा दाखवतं, कुणाच्या कानाची गरज पडत नाही, आणि चुकतही नाही. हे चांगलंच झालं. मुली मला पलीकडच्या खोलीतून आवाजी निरोप पाठवतात, "मॅम, त्या नमुन्यात थोडं मॉइश्चर वाटतंय." मी उत्तर देते, लिहून दे. 'वाटतंय' खोडून दे. त्या हसतात. पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

फोडणीची जुनी प्लेट मी टाकू दिलेली नाही. शनिवारी सगळे गेले की कधीकधी ती तापवते. पाणी असल्याचं आधीच सिद्ध झालेला एखादा जुना नमुना घेते, पंखा बंद करते, डोळे मिटते आणि थेंब सोडते. तेल बोलतं. स्पष्ट बोलतं, माझे कान अजून चांगले आहेत, दर वर्षी तपासून घेते. माझ्या भुवया हलतात ते मला कळतं.

मग डोळे उघडते. समोर ओटा असतो आणि ओट्याच्या पलीकडे भिंत. बोललं का, म्हणून कुणी विचारत नाही.